रातव्याचं गायरान

बीडहून दक्षिणेला निघालं की मांजरसुंब्याचा घाट चढून रस्ता बालाघाटच्या पठारावर येतो आणि पुढे चौसाळा लागतं. इथला माळ भर दुपारी अगदी ओसाड भासतो. मुरूम, कुसळी गवत, तरवड, एखादी बोर, मधूनच सीताफळीचं झुडूप. तिन्हीसांजा सरल्या की या ओसाडीला कंठ फुटतो. रातवा बोलू लागतो. आधी सुटेसुटे टोले, मग त्यांची घाई. शहाबादी फरशीवर टाकलेली गोटी उसळत उसळत थांबावी तसा तो आवाज विरत जातो.

पक्षी जेमतेम २४ सेंटिमीटरचा. माती, पाचोळा आणि राख यांचे रंग त्याच्या पिसांवर उतरलेले. दिवसभर तो डोळे मिटून जमिनीला चिकटून बसतो. पाऊल अगदी अंगावर येईपर्यंत उठत नाही. चोच इवलीशी, पण जबडा भलता रुंद. पतंग, भुंगेरे तो उडता उडता टिपतो. त्याच्या कुळातले पक्षी चांदण्यात जास्त वेळ शिकार करतात.

रातवा घरटं बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर दोन अंडी घालते आणि त्यांच्यावर बसून राहते. काडी नाही, आडोसा नाही. ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात, तेव्हा माळावर रातव्याचाही संसार मांडलेला असतो. तापलेली भुई हेच त्याचं घर.

या भुईला आपण पडीक म्हणतो, तिथंच मला वाईट वाटतं. पडीक म्हटलं की नांगर घालायला, प्लॉट पाडायला मन कचरत नाही. हिरवाईच्या चांगल्या हेतूनं खोदलेले वृक्षारोपणाचे खड्डेसुद्धा त्याची उघडी जागा हिरावतात. धुळे–सोलापूर महामार्गावरून वाहनं रात्रभर धावतात. रातव्याला मोकळ्या रस्त्यावर बसायची सवय. दिव्याच्या झोतात त्याचे डोळे लालभडक चमकतात, आणि चालकानं वेग आवरला नाही तर तो चाकाखाली जातो.

मोराचं नायगाव अभयारण्य याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात आहे. रातव्यासाठी एवढा व्याप नको. गावानं गायरानाचा एक तुकडा नांगराविना, खड्ड्यांविना राखावा, उन्हाळ्यात तिथलं गवत पेटवू नये. माळ जसा आहे तसा राहू देणं, हीसुद्धा निसर्गाची राखणच आहे.