निस्फ कुतर

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो. बी.एस्सी., बी.एड. झालो, शिक्षक पात्रता परीक्षा दिली, अभियोग्यता चाचणी दिली. वयाची पस्तिशी ओलांडली तरी तासिका तत्त्वावरच आहे. आमच्या घरात दख्खनी बोलतात, शाळेत उर्दू आणि गल्लीबाहेर मराठी. गणिताचे शब्द मात्र माझ्या डोक्यात उर्दूतच बसले आहेत. वर्तुळाला आम्ही दायरा म्हणतो, केंद्राला मरकज, व्यासाला कुतर आणि त्रिज्येला निस्फ कुतर. निस्फ म्हणजे अर्धा. मराठीत 'त्रिज्या' म्हटले की तिचे व्यासाशी असलेले नाते पोराला वेगळे सांगावे लागते. उर्दूत ते नावातच आहे. दरवर्षी वर्गात मी हे मोठ्या अभिमानाने सांगतो. आणि तेच नाते मी स्वतः एकदा विसरलो, तेही माझ्याच एका विद्यार्थ्यासमोर.

गोष्ट २०२० च्या ऑक्टोबर महिन्यातली. मार्चपासून शाळा बंद होत्या. तासिका नाहीत म्हणून मानधनही नाही. सकाळी एक तास मोबाईलवर नववीला शिकवत होतो. वर्गात पन्नासच्या वर मुले. पडद्यावर पंधरा-वीस दिसायची. बाकीच्यांच्या घरी एकच फोन, तोही अब्बांच्या खिशात. घरात दोन लहान मुली, किराण्याची उधारी वाढलेली. शेवटी आपाने तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दुल्हेभाईंना, सांगितले. दुल्हेभाई फॉल्स सीलिंगची कामे घेतात. ते म्हणाले, "मास्टर को बोलो, दोपहर से आ जाओ. शरम नक्को करो."

शरम होतीच. नई जिंदगीतून जुळे सोलापूरला जाताना मी तोंडावरचा मास्क जरा जास्तच वर ओढून घेत असे. त्या दिवसांत मास्कची ती एक सोय होती.

पहिल्या दिवशी नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये शिरलो, तर घोडीवर उभा राहून एक मुलगा स्क्रू मारत होता. भुवयांवर, पापण्यांवर जिप्समची पांढरी पूड. त्याने वळून पाहिले आणि घाईघाईने खाली उतरला. "अस्सलाम अलैकुम, सर." माझ्या नववीच्या पटावरचा मुलगा. सकाळी हजेरी घेताना मी त्याचे नाव दोनदा पुकारले होते. त्याचे अब्बा यंत्रमागावर टॉवेल विणायचे. कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी पोराला दुल्हेभाईंकडे पाठवले. मी त्याला "क्लासला का आला नाहीस?" असे विचारू शकलो नाही. विचारण्याचा हक्क मला त्या हॉलमध्ये राहिला नव्हता. आम्ही दोघेही एकाच कारणाने तिथे आलो होतो.

काम त्यानेच मला शिकवले. लोखंडी सेक्शनची चौकट सुमारे दीड-दीड फुटांवर छताला टांगायची, तिच्यावर साडेबारा मिलिमीटर जाडीचे जिप्सम बोर्ड खालून स्क्रूने बसवायचे, सांध्यांवर कागदी टेप आणि मसाला. मग दिव्यांसाठी गोल भोके पाडायची. त्यासाठी ड्रिल मशीनला होल कटर लावतात. आकार बदलता येणाऱ्या या कटरला मधोमध एक ड्रिलची काडी असते आणि दोन्ही बाजूंना आडवी दांडी. दांडीवर दोन पाती पुढे-मागे सरकवून घट्ट करता येतात. बाहेरून प्लॅस्टिकचे पारदर्शक भांडे असते; पूड डोळ्यांत न पडता त्यात साठते. मी पाहिले आणि मनात म्हणालो, हा तर परकार! पेन्सिलीच्या जागी पाते, कागदाच्या जागी छत.

तो सांगत होता, मी ऐकत होतो. आधी दोरी लावून दिव्यांच्या जागा छतावर आखायच्या. छोटे लोहचुंबक फिरवून स्क्रू कुठे आहेत ते बघायचे. स्क्रूच्या ओळीवर सेक्शन असतो, तिथे भोक पाडायचे नाही. वर वायर लोंबत असेल तर ती बाजूला सारायची, मेन स्विच बंद. दोन्ही पाती मरकजपासून सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर मशीन हातात थरथरते आणि कड फाटते. हॅमर बंद, वेग कमी, आणि वर जोराने दाबायचे नाही. पाते स्वतःच कापत जाते. दिव्याचा बाहेरचा आकार मोजायचा नाही, डब्यावर 'कटआउट' म्हणून छापलेला आकडा घ्यायचा. दिव्याची कड भोकापेक्षा मोठी असते, ती भोकाची धार झाकते. आणि पहिले भोक नेहमी बोर्डाच्या तुकड्यावर पाडून दिवा बसवून बघायचा.

तिसऱ्या दिवशी दुल्हेभाई म्हणाले, "मास्टर, आज गोले तुम करो." डब्यावर कटआउट १०० मिलिमीटर होता. जुन्या कटरच्या दांडीवर व्यासाचे आकडे होते. १०० वर पाते ठेवले की १०० चे भोक. तो कटर आदल्या दिवशी मोडला होता. नव्याच्या दांडीवरचे आकडे मरकजपासूनचे होते, हे मी पाहिले नाही. दोन्ही पाती १०० वर सरकवली, घट्ट केली. तुकड्यावर करून बघायला हवे होते. पण मी बी.एड. झालेला गणिताचा शिक्षक, पोरासमोर तुकड्यावर सराव कशाला करू?

मशीन फिरले, पांढरी पूड भांड्यात जमली आणि बोर्डाची चकती सुटून भांड्यात पडली. वर बघितले, तर छताला ताटाएवढे भगदाड. १०० च्या जागी २००. दिवा त्यातून आरपार गेला असता.

दुल्हेभाई स्वयंपाकघरातून आले. वर बघितले, मग माझ्याकडे. "मास्टर, फिर पढाते क्या तुम?" त्यांनी ते हसतच म्हटले होते. मला मात्र ते आजही आठवते.

मुलगा हसला नाही. त्याने कटर हातात घेतला, दांडीवर बोट ठेवले आणि हळूच म्हणाला, "सर, ये निस्फ कुतर है. आधा लगाना पडता." वर्गात हा मुलगा मागच्या बाकावर बसायचा. आठवीच्या चाचणीत त्याने कुतर आणि निस्फ कुतर उलटे लिहिले होते, आणि मी लाल पेनाने दोन्हींवर फुली मारली होती. ते मला नीट आठवते, कारण पेपर परत देताना मी त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो.

मला वाटले, आता अख्खा बोर्ड उतरवावा लागणार. त्याने भांड्यातली चकती काढून पुसली. प्लायच्या चार छोट्या पट्ट्या भोकातून वर सारल्या आणि कडेला अशा स्क्रूने बसवल्या, की प्रत्येकीचा थोडा भाग भोकात डोकावत राहील. मग चकती जशीच्या तशी भोकात परत बसवली आणि पट्ट्यांना स्क्रू मारले. पात्याने खाल्लेली दीड-दोन मिलिमीटरची फट तेवढी गोल दिसत होती. चकतीच्या मधोमध ड्रिलच्या काडीचे बारीक छिद्र होतेच. त्याने पाती ५० वर आणली, काडी त्याच छिद्रात टेकवली आणि अगदी सावकाश दुसरा दायरा कापला. तो पट्ट्यांच्या आतूनच गेला. उरलेल्या फटीवर कागदी टेप, मसाला, दुसऱ्या दिवशी घासकाम. रंग लागल्यावर कुठे चुकले होते ते मलाही सापडेना.

घोडीवरून उतरताना तो म्हणाला, "मरकज सलामत था सर, इसलिए हो गया." नंतर त्याने मला सांगितले की चूक उलटी झाली असती, म्हणजे भोक लहान पडले असते, तर जास्त त्रास झाला असता. कारण चकती निघून गेली की मरकजच उरत नाही. काडी टेकवायला वर आधी लाकडाचा तुकडा बसवावा लागतो. इतकी वर्षे मी भूमिती शिकवतो. वर्तुळ आहे पण केंद्र नाही, ही अडचण माझ्या वर्गात कधी कोणाला प्रत्यक्ष पडली नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य नेहमी ऐकू येते: शिकून तरी काय होणार, हाताला हुनर हवा. पालकसभेत मी त्याविरुद्ध तावातावाने बोलत आलो होतो. आता बोलायचे कसे? शिकलेला मी, हुनर असलेला तो. पगार दुल्हेभाईंनी दोघांना सारखाच दिला होता. मग विचार करताना दिसले की माझे ते भाषणच अर्धे होते. त्याच्या हाताला निस्फ कुतर कळला होता, पण शाळेने त्याच्या हाताला कधी काही विचारलेच नव्हते. मला व्याख्या पाठ होती, ती माझ्या हातापर्यंत कधी पोहोचली नव्हती. आणि एवढे कळूनही एक गोष्ट खरीच होती: कोटेशन दुल्हेभाई लिहायचे आणि मोबदला तेच ठरवायचे, कारण त्यांना लिहिता येत होते. घोडीवरचा मुलगा कायम घोडीवरच राहील, अशी भीती मला वाटली.

पुढचे दोन महिने जेवणाच्या सुट्टीत आम्ही बोर्डाच्या तुकड्यांवर सुताराच्या पेन्सिलीने गणिते केली. दायऱ्याचे क्षेत्रफळ, बोर्डाचे चौरस फूट, किती बोर्ड लागतील, किती वाया जाईल. २०२१ मध्ये नववीची परीक्षा न होताच सगळी मुले दहावीत गेली. तोही गेला, पण शाळेत आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. त्याच्या अम्मी म्हणाल्या, "सर, आपकी बात सही है, लेकिन घर कौन चलाएगा?" मला उत्तर देता आले नाही. मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचे ठरले. २०२३ च्या मार्चमध्ये तो बसला, गणितातच राहिला आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटला. गुणपत्रिका घेऊन आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्याच होत्या. कामावरून थेट आला होता. आज तो स्वतःची छोटी कामे घेतो आणि कोटेशन स्वतः लिहितो, उर्दूत नव्हे, मराठीत, कारण गिऱ्हाईक मराठी असते.

मी अजून तासिकेवरच आहे. नववीला दायऱ्याचा धडा आला की दुल्हेभाईंकडून कटर आणि बोर्डाचे दोन-तीन तुकडे मागून आणतो. पाती कितीवर ठेवायची ते मुलांनाच विचारतो. कोणीतरी हमखास पूर्ण व्यास सांगते. मी तेवढ्यावरच ठेवून कापतो आणि भोक मोठे पडले की वर्ग हसतो. हसून झाले की मी सांगतो, ही चूक सरांकडूनही झाली होती, आणि ती दुरुस्त करणारा याच शाळेत मागच्या बाकावर बसत होता. मग चकती भोकात परत बसवतो आणि मागच्या बाकावरच्या एखाद्याला पुढे बोलावतो.