जसे आले तसे

मराठीत 'म्हणे' हा एक लहानसा शब्द आहे. 'तो मुंबईला गेला' आणि 'तो मुंबईला गेला म्हणे' या दोन वाक्यांतली माहिती एकच. बदलते ते सांगणाऱ्याचे त्या माहितीशी असलेले नाते. दुसऱ्या वाक्यातला माणूस सुचवतो की हे मी पाहिलेले नाही, कानावर आले तेवढे सांगतो, खरेखोटे तुम्ही पाहा. ओसरीवरच्या, पाणवठ्यावरच्या, पारावरच्या कुचाळक्यांना हा शब्द शेपटासारखा चिकटलेला असे. म्हणून त्या कुचाळक्या निरुपद्रवी होत्या असे मी म्हणणार नाही. या 'म्हणे'ने किती बायकांचे संसार उद्ध्वस्त केले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. तरीही ऐकणाऱ्याला शंका घेण्यापुरती जागा त्या दोन अक्षरांत शिल्लक राहत असे.

हेच रूप संतांच्या नाममुद्रेतही येते. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथे म्हणणारा नावानिशी अभंगात उभा असतो आणि पटले नाही तर कुणाशी वाद घालायचा हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. एका 'म्हणे'त बोलाची जबाबदारी घेतलेली, दुसऱ्यात ती प्रामाणिकपणे नाकारलेली. बोलणारा कोण आणि तो कशाच्या बळावर बोलतो आहे, याची खूण मात्र दोन्हीकडे आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या सार्वजनिक बोलण्यात या दोहोंत न बसणारे तिसरेच वाक्य रुळले, त्याविषयी थोडे लिहायचे आहे.

आमच्या एम.ए.च्या वर्गातील जुन्या मंडळींनी व्हॉट्सॲपवर एक गट काढला तेव्हा सर्वांनाच आनंद झाला होता. वसतिगृहाच्या खानावळीतली आमटी, ग्रंथालयातले कडक लिपिक, कुणाची मुले कुठे शिकतात, असे पहिले काही महिने गेले. मग एक निवडणूक आली, मग दुसरी. आज त्या गटाचे दोन गट आहेत. पहिल्यात नाहीत ते दुसऱ्यात आहेत आणि काही जण कुठेच नाहीत. वसतिगृहातला माझा खोलीभाऊ पहिल्या गटात राहिला. तो जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाला आहे. ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीचा पाठभेद कुणी सांगितला, तर 'कोणत्या पोथीत?' असे विचारल्याशिवाय तो पुढे जात नसे. हाच माणूस आता दिवसाला पाच-सहा संदेश पाठवतो. अमुक समाजाच्या लोकसंख्येचे आकडे, तमुक नेत्याच्या आजोबांचा धर्म, इतिहासाच्या पुस्तकांतून म्हणे दडवलेले काहीबाही. (हा 'म्हणे' माझा, त्याच्या संदेशांत तो नसतो.)

एकदा मी फोनवर त्याला विचारले, "अरे, हे तू म्हणतोयस का?"

"मी कुठं म्हणतोय? आलं तसं पुढं पाठवलं."

"आणि खोटं निघालं तर?"

"निघू दे ना. विचार करण्यासारखं आहे की नाही, ते सांग."

या उत्तराने मला बरेच दिवस अस्वस्थ केले. त्याचे राजकारण मला पटत नाही, ही गोष्ट जुनीच. वसतिगृहात आम्ही त्यावरून रात्र रात्र भांडलो आहोत. पण तेव्हा भांडायला समोर तो असे. आता त्याच्या नावाने येणाऱ्या मजकुराशी वाद घालायला गेलो की तो बाजूला सरतो आणि समोर कुणीच उरत नाही. शिवाय माझ्या मताची मंडळी यात मागे आहेत असेही नाही. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर फिरणारी, त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये मराठीच्याच प्राध्यापकांनी मला पाठवली आहेत. आशय सोयीचा होता, एवढीच त्यांची परीक्षा. ज्यांनी शैलीवरून लेखक ओळखायला आयुष्यभर शिकवले, त्यांची ही स्थिती.

'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड' ही तळटीप आपण सर्वांनी वाचली आहे. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर ती दोन धातुसाधिते आहेत आणि दोन्हींना कर्ता नाही. पाठवलेले, आलेले. कुणी पाठवले, कुणाकडून आले, हे विचारायला वाक्यात जागाच ठेवलेली नाही. 'म्हणे' निदान एवढे तरी सांगत होता की मला खात्री नाही. ही टीप खात्रीचा प्रश्नच उपस्थित होऊ देत नाही.

या कर्ताहीन वाक्याने माणसे मारली आहेत. २०१६ साली कराचीत लहान मुलांच्या अपहरणाविषयी जागृती करणारी एक छोटी चित्रफीत तयार झाली. रस्त्यावर मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात. क्षणभराने तेच दोघे परत येऊन त्याला खाली ठेवतात आणि मूल पळवायला किती थोडा वेळ पुरतो हे सांगणारा फलक दाखवतात. २०१८ च्या उन्हाळ्यात ही चित्रफीत भारतभर फिरली, पण तिचा शेवट कापलेला होता. मूल परत ठेवणे गेले, फलक गेला, कराची गेली. उरले फक्त उचलणे. संदर्भ तोडून उतारा दिला की अर्थ उलटा होतो हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर फार तर परीक्षेतले गुण असतात.

त्याच हंगामात, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते, बहुतेक मंगळवेढा परिसरातले, भिक्षा मागत फिरणारे. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. जिथे गावाच्या नोंदी ठेवायच्या, त्या खोलीत. दारोदार फिरणारा गोसावी आपल्या गावगाड्याला शेकडो वर्षे ओळखीचा होता. त्याची झोळी आणि त्याची भाषा ठाऊक होती. ही ओळख पुसायला काही सेकंदांची चित्रे पुरली.

पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना जमावाने ठार केले. ते सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. अफवा जवळपास तीच: मुले चोरणारे आले आहेत. इथे मात्र पुढची गोष्ट वेगळी घडली. या हत्येला काही दिवसांतच धर्माचा रंग देण्यात आला आणि २२ एप्रिलला राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना अटकेतील १०१ जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नाही असे सांगावे लागले. खुनाच्या तपासात आरोपींचा धर्म कोणता नाही, हे सरकारने सांगण्याची वेळ यावी, यातच सारे आले.

आमच्या दोन्ही गटांत गडचिंचले सर्वांना आठवते. एका गटात ते धर्मावरचा हल्ला म्हणून आठवते, दुसऱ्यात अपप्रचाराचा नमुना म्हणून. राईनपाडा फारसा कुणाला आठवत नाही. दोन्हीकडचे मृत झोळी घेऊन हिंडण्याच्या, जोगव्याच्या आणि बैराग्याच्या परंपरेतले. पण पाच डवरी गोसाव्यांच्या मरणाचा पुढे पाठवण्याजोगा उपयोग कुणालाच सापडला नाही. ध्रुवीकरण हा शब्द आपण फार सैल वापरतो. दोन टोकांची मते असणे म्हणजे ध्रुवीकरण, असे मला वाटत नाही. ते तर लोकशाहीत असायचेच. कोणते मरण लक्षात ठेवायचे हेही टोके ठरवू लागली, की त्या शब्दाचा खरा अर्थ कळतो.

जुना काळ सौम्य होता, असा निष्कर्ष कृपया कुणी काढू नये. आगरकरांची ते हयात असताना पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. संमतिवयाच्या वादात सभा उधळल्या गेल्या. छपाईचे यंत्र हेही एक तंत्रज्ञानच होते आणि माणसे फोडण्याची शक्ती त्यात कमी नव्हती. फरक मला दिसतो तो दुसरीकडे. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झाले असेल, तेव्हा कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध काही पत्रांच्या आधारे मजकूर छापला गेला. ती पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी ती लिहिली नव्हती; आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांच्याकडे ती 'आली' होती. त्यांनी माफी मागितली, तरीही १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. 'आले तसे छापले' हा बचाव त्या व्यवस्थेत चालत नव्हता. अग्रलेखाखाली नाव नसले तरी अंकावर असे.

मग आज कायद्याने तसेच करावे का? मला भीती वाटते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्याच एका तरुणीने मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीने ते 'लाइक' केले, आणि दोघींना अटक झाली. स्वतःच्या नावाने, स्वतःचे मत, स्वतःच्या शब्दांत मांडणारी मुलगी कायद्याला तत्काळ सापडली. ज्या कलमाखाली हे घडले, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द ठरवले, हे बरे झाले. २०२१ च्या नियमांनी संदेशाचा पहिला पाठवणारा शोधून देण्याची सक्ती केली आणि व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. खाजगीपणाचा तो वाद महत्त्वाचा आहेच. पण राईनपाड्याला पहिला पाठवणारा सापडला असता तरी त्याने काय सिद्ध झाले असते? त्याच्यानंतरचे हजारो जण आपापल्या परीने निर्दोषच राहिले असते.

कंपनीने आपल्या परीने उपाय केले. जुलै २०१८ मध्येच पुढे पाठवलेल्या मजकुरावर 'फॉरवर्डेड' अशी खूण येऊ लागली आणि भारतात एका वेळी पाचांनाच पाठवण्याची मर्यादा आली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. ती खूण मी प्रथम पाहिली तेव्हा मला वाटले, यंत्राने आपल्याला 'म्हणे' परत केला. तसे झाले नाही. 'म्हणे' उच्चारताना बोलणाऱ्याचा स्वर किंचित उतरतो, त्याला त्या वेळी निवड करावी लागते. ही खूण आपोआप उमटते. पाठवणाऱ्याला ती लिहावी लागत नाही, म्हणून वाचणाराही ती वाचत नाही.

खोलीभावाचे संदेश अजून येतात. मी आता त्यांना उत्तर देत नाही, फोन करतो. गेल्या महिन्यात एका आकड्यावरून बोलणे निघाले. तो आकडा त्याने सकाळी ठळक अक्षरांत पाठवला होता. फोनवर तोच सांगताना तो थांबला आणि म्हणाला, "एवढे आहेत म्हणे." मी विचारले, कोण म्हणतो? मग आम्ही तासभर भांडलो. मध्येच त्याच्या बायकोने त्याला औषधाची आठवण केली, म्हणून फोन ठेवावा लागला.