ठिपके गेल्यानंतरचे दिवस

मित्राच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला पावडर ब्लू टँग दगडांवर अंग घासू लागला आणि एक-दोन दिवसांतच त्याच्या परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उठले. मित्राने व्हिडिओ पाठवला. मी त्याला एवढंच विचारलं, की ठिपके मोजता येतात का? मोजता येत असतील तर तो इच, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आजार. मोजता न येणारी बारीक पिवळसर धूळ असती तर तो व्हेल्व्हेट, आणि त्यात विचार करायलाही सवड मिळत नाही, दोन-तीन दिवसांत टँक रिकामा होतो. त्याने मोजले. इच होता.

उपचार त्याच्याच टँकमध्ये करता येण्यासारखा नव्हता. इचवरचं खात्रीचं औषध म्हणजे तांबं, आणि त्याच्या टँकमध्ये शंख होते, हर्मिट खेकडे होते, एक क्लीनर श्रिम्प होती. माशाला सोसणारं तांबं या बिनकण्याच्या जिवांना मारतं. शिवाय लाइव्ह रॉक आणि कोरल सँड ते शोषून घेतात, म्हणजे औषधाचं प्रमाण टिकतच नाही. म्हणून सगळे मासे बाहेर काढायचे, अंगावर एकही ठिपका नसलेलेसुद्धा, असं ठरलं. त्यासाठी वर्षभर जमलेली दगडांची रचना पूर्ण उतरवावी लागली. वहिनींनी बादल्या धरल्या आणि टँग, क्लाउनफिशची जोडी आणि एक डॅम्सेल असे सगळे माझ्या घरी आले.

माझ्याकडे एक शंभर लिटरचा टँक फक्त याच कामासाठी आहे. तळाला वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लंबिंगचे पीव्हीसी पाइपचे तुकडे, स्पंज फिल्टर, हीटर, आणि वीज गेली तरी चालणारा बॅटरीचा एअर पंप. नवे स्पंज मी एरवी माझ्या मोठ्या टँकच्या सम्पमध्येच, म्हणजे फिल्टरच्या टाकीत, टाकून ठेवतो, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात आधीच वाढलेले असतात. टँक भरताना वीस लिटरच्या जारने मोजून पाणी ओतायचं आणि काचेवर मार्करने रेघ मारायची. ही रेघ मला सगळ्या उपकरणांइतकीच महत्त्वाची वाटते. पाण्याचं माप चुकलं की औषधाचं माप चुकलंच.

आणि ते माप फार अरुंद आहे. लिटरला ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा कमी तांबं असेल तर इचला काही होत नाही, ०.२० च्या वर गेलं तर माशालाच त्रास व्हायला लागतो. मधलं ०.१८ धरलं, तर शंभर लिटर पाण्यात सारं मिळून १८ मिलिग्रॅम तांबं. आमच्या नात्यातल्या नाशिककडच्या बागेत द्राक्षांवर बोर्डो मिश्रण मारताना मोरचूद किलोंनी विरघळवलेलं मी पाहिलं आहे. तेच कॉपर सल्फेट. टँकसाठी मात्र शेतीचं मोरचूद वापरू नये, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. मासे पाळणाऱ्यांसाठी मिळणारं मोजक्या ताकदीचं द्रावण घ्यावं, दोन दिवसांत हळूहळू प्रमाण चढवावं, आणि रोज मोजावं. मी सकाळ-संध्याकाळ मोजत होतो. मे महिना होता, पाणी गार राहावं म्हणून वर पंखा लावलेला, त्यामुळे बाष्पीभवन जोरात. पाणी उडून जातं, मीठ आणि तांबं मागेच राहतं, म्हणून रेघेपर्यंत गोडं आरओ पाणी घालायचं. पाणी बदलताना मात्र उलट: नव्या खाऱ्या पाण्यात तेवढंच तांबं आधी मिसळून मगच ते टँकमध्ये.

क्लाउनच्या जोडीतली मोठी, म्हणजे मादी, आम्ही गमावली. तिच्या अंगावर जेमतेम दोन ठिपके होते. पण ती पाइपच्या तोंडाशी थांबून सारखे कल्ले उघडत-मिटत होती. हा परजीवी कातडीइतकाच कल्ल्यांमध्ये घुसतो आणि तिथला ठिपका बाहेरून दिसत नाही. ऊन तापलं की पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मी दुसरा एअर स्टोन लावला, पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवला, अमोनिया तपासला, तो शून्यावर होता. तरी पहाटे ती गेली. मित्राची मुलगी रोज संध्याकाळी फोन करून "काका, सगळे जेवले का?" असं विचारायची. त्या दिवशी तिला सांगणं मला फार जड गेलं.

टँग नोरीच्या, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पट्टीकडे बघतही नव्हता. मग एका दुपारी त्याने तिचा कोपरा ओढला, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी पट्टी फाडून खाल्ली. आठवड्याभरात त्याच्या अंगावर एकही ठिपका उरला नाही. तो निळा रंग पुन्हा तसाच सतेज दिसायला लागला. मित्र बघायला आला आणि म्हणाला, "अरे, हा तर ठणठणीत झाला. रविवारी घेऊन जाऊ का?"

मी नाही म्हणालो. इचमध्ये सगळ्यात जास्त मासे याच टप्प्यावर मरतात, असं माझं ठाम मत आहे. ठिपका म्हणजे कातडीखाली शिरून बसलेला परजीवी. तो तीन ते सात दिवस माशावर पोसतो आणि मग आपणहून सुटून तळाशी जातो, औषध दिलं नसतं तरी गेलाच असता. तळाशी तो स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एकेका कवचातून दोनशेपर्यंत पिल्लं बाहेर पडू शकतात, बहुधा अंधारात, मासे झोपलेले असताना. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. तांबं मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणजे स्वच्छ दिसणारा मासा बरा झालेला असतो असं नाही. पुढची फौज तेव्हा तळाच्या काचेवर तयार होत असते, आणि ती बाहेर येईल तेव्हा पाण्यात तांबं असलंच पाहिजे. म्हणून तीन ते सहा आठवडे, एक दिवसही प्रमाण खाली न जाऊ देता.

मित्राच्या रिकाम्या टँकचंही तेच. कवच फुटायला तीन दिवस लागतील किंवा कितीतरी आठवडे; नोंदलेला सर्वांत लांब काळ ७२ दिवसांचा आहे. म्हणून हौशी लोक ७६ दिवस टँक माशांविना ठेवतात. खेकडे, शंख, श्रिम्प राहू द्यायचे, दिवे चालू, पंप चालू, मासा एकही नाही. मित्राला ते अशक्य वाटलं. त्याच्या मुलीने मात्र कॅलेंडरवर तारीख लिहून टाकली, आणि तिच्यामुळे तो टिकला.

पावडर ब्लू टँग हा आपल्या हिंद महासागरातला मासा. लक्षद्वीपच्या, मालदीवच्या प्रवाळांवर तो असतो, आणि हे परजीवीही समुद्रात असतातच. पण तिथे सुटलेलं कवच कुठच्या कुठे जातं, पिल्लं प्रवाहाबरोबर विखुरतात, मासा तोवर पुढे गेलेला असतो. शंभर-दोनशे लिटरच्या काचेत प्रत्येक पिल्लाला तोच मासा पुन्हा सापडतो. समुद्रात सहज निभावणारा आजार जीवघेणा होतो तो आपण घातलेल्या भिंतींमुळे. म्हणून मासा आणणाऱ्याने वेगळा टँक आधी मांडावा आणि मासा नंतर आणावा. दुकानात आकर्षक दिसणाऱ्या टँगवर हजारो रुपये घालवणारा माणूस या साध्या टँकला खर्च म्हणतो तेव्हा मला वाईट वाटतं.

महिनाभराने ॲक्टिव्हेटेड कार्बन लावून आणि पाणी बदलत मी तांबं काढून टाकलं. मग मासे साध्या खाऱ्या पाण्यात ठेवून नुसतं बघत राहिलो: श्वासाचा वेग, भूक, टॉर्चच्या उजेडात परांच्या कडा. काही उगवलं नाही. मुलीने लिहिलेली तारीख उलटली, तेव्हा दोन्हीकडच्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान जुळवून मासे परत गेले. तांब्याच्या पाण्यात वापरलेली जाळी, पाइप, स्पंज मी वेगळ्या बादलीत ठेवतो. ते शंख-खेकड्यांच्या टँकमध्ये कधीही जात नाहीत.

उरलेला क्लाउन एव्हाना मोठा झाला आहे. क्लाउनमध्ये मादी गेली की नराचीच मादी होते, तसं त्याचं चाललं असावं. मित्राने त्याला जोडीदार म्हणून एक लहान क्लाउन घेतला. दुकानातून निघाला तो थेट माझ्या घरी आला, पिशवी हातात घेऊन. टँक रेघेपर्यंत भरून तयार होता.