मुद्देमालातील निरोध

लोहाऱ्यासारख्या, निजामी अंमलाची कागदी शिस्त अजून अंगी बाळगून असलेल्या तालुक्याच्या गावी ज्याचे उभे आयुष्य फौजदारी दप्तरे चाळण्यात गेले, त्याला पंचनाम्यातील कोणत्याही नोंदीचे सहसा नवल वाटत नाही. तथापि वेश्यावस्तीवरील धाडीच्या पंचनाम्यात रोकड आणि मोबाईल यांच्या पंक्तीला निरोधाची पाकिटेही मांडलेली दिसली की मी थबकतो. आरोग्य खात्याने सरकारी खर्चाने फुकट वाटलेली वस्तू पोलीस खात्याने पंचांसमक्ष जप्त करून लाखेने मोहोरबंद करावी, आणि दोन्ही खात्यांनी आपापले कर्तव्य चोख बजावल्याचा अहवाल वर धाडावा!

पाकीट जवळ सापडणे हाच पुरावा ठरत असेल, तर शहाणी बाई ते जवळ बाळगणार नाही; शिपायाच्या धास्तीने उभ्याउभ्या सौदा उरकताना गिऱ्हाइकाचा हट्ट मोडण्याइतकी उसंत तिला मिळणार नाही; आणि धाडीनंतर बिऱ्हाड हलले की रक्ततपासणीची तारीख चुकेल, एचआयव्हीवरील एआरटी उपचाराच्या रोजच्या गोळ्याही चुकतील. बाया अशा दूर पळाल्याचा दाखला जुनाच आहे: १८६८ साली गोऱ्या शिपायांच्या रक्षणार्थ इंग्रजांनी सांसर्गिक रोगांचा कायदा करून बायांची नोंदणी व तपासणी सक्तीची केली, तेव्हा बाया नोंदणी चुकवू लागल्या. १८८८ साली तो कायदा रद्द झाला.

याउलट, सांगलीत १९९२ साली ‘संग्राम’ या संस्थेने एचआयव्ही रोखण्याचे काम आरंभिले, ते बायांनाच हाताशी धरून. तेथील गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायाच पाकिटे वाटू लागल्या (गिऱ्हाइकाला कसे पटवावे, हे डॉक्टरांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक), आणि १९९६ साली त्यांतूनच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. त्याच गोकुळनगरात २००५ साली मोठी धाड पडली. पुढे २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील एका अभ्यासाने बळ्ळारी, मोंबासा व व्हँकुव्हर येथील स्थितीवरून असा अंदाज मांडला की, हा व्यवसाय गुन्हेगारीच्या कक्षेबाहेर काढल्यास दहा वर्षांत एचआयव्हीची ३३ ते ४६ टक्के नवी लागण टळेल.

अज्ञान मुलींना व फसवून आणलेल्यांना सोडवणे हे पोलिसांचे कामच आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु त्यासाठी निरोध जप्त करण्याचे प्रयोजन काय? १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात निर्देश दिला, की निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. ठाणे अंमलदारांनी त्या निर्देशाचा एवढा एक परिच्छेद मराठीत टंकून मुद्देमालाच्या खोलीच्या दारावर डकवावा, इतकीच माझी विनंती आहे.