टायर नेमका कुणाचा?

ऑक्टोबर उजाडला की श्टुटगार्टमधल्या गॅरेजांचे फोन लागेनासे होतात. उन्हाळी टायर उतरवून हिवाळी चढवायचा हा मोसम. कायद्यात त्यासाठी तारीख दिलेली नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेलं दव असेल तर हिवाळी टायर हवेत, एवढंच तो सांगतो. पण हे शहर टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात वसलंय. खाली नुसता पाऊस असतो, तेव्हा वर डेगरलोखला बर्फ पडत असतो. म्हणून लोक आकाशाकडे न बघता 'ऑक्टोबर ते ईस्टर' हा ठोकताळा पाळतात. पुण्यात याच सुमारास खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार चढतो. इथे उतरवलेली चाकं नावाची चिठ्ठी लावून 'टायर हॉटेला'त मुक्कामाला जातात, रीतसर भाडं भरून!

हा सगळा खटाटोप रबरासाठी. पारा सातच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटू लागते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. ऑक्टोबर २०२४ पासून तर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलाच टायर इथे हिवाळी म्हणून चालतो.

गेल्या वर्षी बाबा आले होते, त्यांना घेऊनच गॅरेजात गेलो. मेकॅनिकने चारही टायरच्या खाचांची खोली मोजून कागदावर लिहिली. पुढचे दोन्ही तीन मिलिमीटरवर आले होते. "बदला," तो म्हणाला. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "अरे, अजून दोन पावसाळे सहज निघतील!"

बाबांच्या पिढीने टायर गोटा होईपर्यंत वापरला, मग रिमोल्ड केला आणि शेवटी स्टेपनीला टाकला. त्या काटकसरीला मी हसणार नाही. शिवाय कायद्याने बाबांचंच बरोबर होतं. मोटारीसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर, जर्मनीत आणि भारतातही. पण खाचा असतात पाणी बाहेर फेकायला. त्या उथळ झाल्या की वेगातली गाडी रस्त्याऐवजी पाण्यावर चालू लागते. म्हणूनच इथला मोटारचालकांचा मोठा क्लब, एडीएसी, हिवाळी टायर चार मिलिमीटरला आणि उन्हाळी तीनला बदलायला सांगतो.

या भागातले श्वाबियन लोक जर्मनीभर चिकट म्हणून प्रसिद्ध. त्यांचा चिकटपणा टायर टिकवण्यात दिसतो. गाडी थंड असताना हवा तपासायची, पुढची-मागची चाकं आलटून-पालटून लावायची, चाक बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. झिजेवरूनही त्यांना दुखणं कळतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेलं.

पंक्चरवाला मात्र पुण्याचाच. रविवारी इथे चाक बसलं तर क्लबच्या पिवळ्या गाडीची वाट बघत कडेला उभं राहावं लागतं. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीही नसते, नुसती चिकट द्रवाची बाटली असते.

नवी गाडी तीन वर्षांची झाली की, आणि पुढे दर दोन वर्षांनी, सक्तीची तपासणी असते. तिची मुदत मागच्या नंबरप्लेटवरच्या गोल स्टिकरवर कुणालाही वाचता येते. "तुमची या महिन्यात संपतेय," असं शेजारच्या आजोबांनी जिन्यात थांबवून सांगितलं, तेव्हा मला ते भोचक वाटले होते. आता वाटत नाहीत. टायरचे पैसे मी भरतो, पण ओल्या रस्त्यावर माझी गाडी कुठे थांबेल हा प्रश्न झेब्रा क्रॉसिंगवरच्या त्यांच्या नातवाचाही आहे. झिजलेल्या टायरवर पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट, तोही याच हिशेबाने. असे आठ पॉइंट झाले की लायसन्स जातं.

बाबांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "नियम आपल्याकडेही आहे ना, मग बघत कुणी का नाही?" टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. ते बघायला पोलीस लागत नाही आणि जर्मनीही. जरा वाकावं मात्र लागतं.