गंगावन

स्त्रीच्या केसांना आपल्या समाजानें जितका अर्थ चिकटविला आहे, तितका दुसऱ्या कशाला क्वचितच असेल. सुवासिनीच्या वेणीचें कौतुक करणाऱ्या आपल्याच घरांनीं विधवेचें मस्तक वस्तऱ्याखालीं दिलें. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून हें काम करण्याचें नाकारलें, तेव्हां कित्येक सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांपेक्षां त्यांचेंच पाऊल पुढें होतें, हें आपण मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. तो जुलूम गेला; पण केसांवरून स्त्रीची पारख करण्याची संवय अद्याप गेलेली नाहीं. आमच्या घरीं गेल्या वर्षीं जो प्रश्न उभा राहिला, तो मुळांत या संवयीचाच होता.

आमचें घर अंबाजोगाईचें, एकत्र कुटुंबाचें. माझ्या पुतणीचें लग्न ज्येष्ठांत ठरलें आणि आषाढांत तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, अंगांत शक्ति आली. परंतु आश्विनांत विंचरतांना केस मुठीमुठीनें हातांत येऊं लागले. वैद्यकशास्त्राला हा प्रकार चांगला परिचित आहे. तीव्र ज्वर किंवा बाळंतपण यांमुळें पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेंत जातात आणि दोन-तीन महिन्यांनीं गळतात. मूळ मरत नाहीं. केस पुन्हां येतात. मात्र त्यांची वाढ महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर. परळीच्या वैजनाथाशीं ठरलेला विवाह मुहूर्त टळल्यामुळें राहून गेला आणि आमची योगेश्वरी कुमारिकाच राहिली, ही कथा आमच्या गांवीं लहान मुलांनाही ठाऊक असते. तेव्हां मुहूर्ताचा धाक आम्हांला जरा अधिकच. आणि मार्गशीर्ष तर दारांत येऊन ठेपला होता.

मग केस जोडून घेण्याची चर्चा सुरू झाली. लातूरच्या पार्लरांतून माहिती आली. पहिली रीत शिवण्याची: स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या टाळूलगत घट्ट घालून त्यांवर परक्या केसांची झालर सुईदोऱ्यानें टांचतात. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनीं ही कला वाढविली व तिचा जगभर प्रसार झाला. दुसरी चिकटविण्याची, यांत बटेला बट चिकट द्रव्यानें किंवा पट्टीनें जोडतात. तिसरी चिमट्यांची, आणि चौथी आपल्या आज्यांची, म्हणजे वेणींत गुंफावयाचें गंगावन.

पहिल्या दोन रीतींचे केस दिवसरात्र डोक्यावर राहतात, आणि हाच त्यांचा गुण मानला जातो. पण शिवलेल्या झालरीचा सारा भार मुळांवर पडतो. खालचे केस वाढतात तसा जोड टाळूपासून दूर सरकतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनीं तो उसवून पुन्हां करावा लागतो. दाट, निरोगी केसांना हा भार कांहीं काळ सोसतो. परंतु ओढ दीर्घकाळ राहिली तर त्याच जागीं टक्कल पडतें, आणि फार दिवस दुर्लक्ष झाल्यास तें कायमचें होऊं शकतें. चिकट द्रव्यानें कोणाकोणाच्या त्वचेवर पुरळ उठतें, आणि काढतांना स्वतःचे केसही त्याबरोबर तुटण्याचें भय असतें. चिमटे आणि गंगावन यांचाही भार असतोच. पण तो कांहीं तासांचा, आणि निजण्यापूर्वीं उतरविण्याजोगा.

जाऊबाईंचा कल शिवण्याकडे होता. “दोन महिने कोणाला कळावयाचें नाहीं, तोंवर नवे केस डोकावूं लागतील,” असें त्यांचें म्हणणें. त्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. मुलीच्या आईचें काळीज तें. सासूबाई गंगावनाच्या बाजूच्या. असले केस कोणाचे असतात, अशी शंका वन्सं काढीत. तिरुपतीला भाविकांनीं वाहिलेले केस देवस्थान लिलावानें विकतें व ते देशोदेशीं जातात, असें मीं सांगितलें, तेव्हां सासूबाई म्हणाल्या, “मग तर प्रसादच कीं!”

निर्णय अखेर पुतणीनेंच दिला. ती म्हणाली, “काकू, जें रात्रीं उतरून ठेवावें लागतें तें सासरीं लपवितां येत नाहीं. म्हणूनच मला गंगावन हवें.” तिनें भावी सासूबाईंना स्वतः फोन करून सर्व सांगितलें. दोन दिवस तिकडून कांहींच उत्तर आलें नाहीं. ते दोन दिवस जाऊबाईंनीं कसे काढले, तें सांगत नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्या बाईंनीं एवढेंच विचारलें कीं, ताप पुरता गेला आहे ना?

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालें.

जोडलेल्या केसांत कमीपणा कांहींच नाहीं. खोप्याला आधार म्हणून आपल्या आज्यांनीं तो निःसंकोच घेतला. ज्यांचे केस आजारानें गेले, त्यांना तर तो मोठाच दिलासा आहे. मात्र रीत निवडतांना किंमत आणि टिकाऊपणा यांच्या आधीं एक गोष्ट विचारावी: हा जोड आपल्याला आपल्या हातानें, आपल्या मर्जीनें सोडतां येतो काय? नाजूक मुळांना जें मानवतें, तेंच नव्या नात्यालाही मानवतें. आणि आपण वडीलधाऱ्यांनीं मुलीसाठीं स्थळ पाहतांना, जेथें तिला रात्रीं गंगावन निर्धास्तपणें खुंटीला अडकवितां येईल असें घर पाहावें.