आपले वावर आणि डॅनिश सर्वनामे

कीर्केगॉर (१८१३-१८५५) मराठी समीक्षेत आला तो अस्तित्ववादाच्या चर्चेतून, आणि तोही इंग्रजीच्या मार्गाने. त्याचे गद्य मुळातून वाचावे, या हेतूने मी चाळिशी ओलांडल्यावर डॅनिश शिकू लागले. 'तू' आणि आदरार्थी 'तुम्ही' यांचा गुंता तेथे असेल अशी अपेक्षा होती. परंतु तेथील आदरार्थी रूप १९७०च्या दशकापासून दैनंदिन व्यवहारातून जवळजवळ मागे पडले आहे. अडवले ते स्वामित्वदर्शक सर्वनामांनी.

तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याची स्वतःची वस्तू असेल तर डॅनिशमध्ये 'सिन' येते. वस्तू दुसऱ्या एखाद्या पुरुषाची असेल तर 'हान्स'. शिवाय 'सिन'चे रूप मालकाप्रमाणे नव्हे, तर वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. म्हणजे हा आपला 'आपला'च, असे प्रथमदर्शनी वाटते. सरावासाठी मी नरखेड तालुक्यातल्या आमच्या घरातले, आईच्या तोंडचे एक वाक्य घेतले : "भावानं आपलं वावर इकलं."

सातबाऱ्यावर नाव भावाचे होते. वडिलांमागे मी हक्कसोडपत्रावर सही केली होती, तशी आमच्याकडे पुष्कळ लेकी करतात. तेव्हा 'सिन' कायद्याला धरून होते. पण आईच्या 'आपलं'मध्ये 'त्याचे स्वतःचे' आणि 'तुझेमाझे, सगळ्यांचे' हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदत होते. ती 'आमचं' म्हणाली असती, तर ऐकणारी सासुरवाशीण लेक त्या संत्र्याच्या बागेबाहेर राहिली असती. डॅनिशच्या 'वोरेस'ला 'आमचे' आणि 'आपले' यांतला हा भेद ठाऊक नाही. आणि 'वोरेस' लिहिताच भावावर जो आरोप येतो, तो आईने उघडपणे केलेला नव्हता.

यावरून मराठी अधिक समृद्ध, असा निष्कर्ष मी काढणार नाही. कर्ता अनेकवचनी झाला की प्रमाण डॅनिशही स्वतःचे आणि परक्याचे यांसाठी 'देरेस' हे एकच रूप वापरते. प्रत्येक भाषा कोठेतरी बोलणाऱ्याला निवड करायला लावते आणि कोठेतरी त्यातून सूट देते. संदिग्धतेला आपण काव्यभाषेचा गुण मानत आलो; येथे ती एका बाईला लेक आणि लेकी दोघांनाही न दुखावता दुःख बोलू देणारी व्याकरणाची सोय आहे. अनुवादकाला ती सोय मिळत नाही.

वहीत मी 'वोरेस' लिहिले. त्यात आईचा शब्द अर्धाच आला. माझा दावा मात्र पुरता आला.